बांधावरची रानफुलं: खुरपं चालवण्याआधी काय बघावं

सोलापूरच्या आसपास शेतवस्तीवर नव्याने राहायला आलेल्या माणसांसाठी हे लिहिते आहे. परड्यात चार वाफे केलेत, दोन डाळिंबं, एक लिंबू, कुंपणाला शेवगा लावलाय, आणि आता पावसानंतर कडेला जे माजलंय त्याचं काय करायचं हा प्रश्न पडलाय, अशांसाठी. वाफ्यांबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कडेबद्दल मात्र सगळीकडून एकच ऐकू येतं: साफ करून टाका.

माझं सांगणं वेगळं आहे. कडा राखण्याचं काम हीच रानफुलं शिकण्याची सगळ्यांत चांगली संधी आहे. खुरपायला बसलं की नजर आपोआप जमिनीजवळ येते, हात पानाला लागतो, मुळाचा जोर कळतो, आणि प्रत्येक रोपाबद्दल ठेवायचं की काढायचं हे ठरवावंच लागतं. ते रोप ओळखून ठरवा. पुढे जे सांगितलंय ते सगळं त्यासाठीच आहे.

पहिली फेरी रिकाम्या हाताने

पहिल्या दिवशी खुरपं, विळा काही घेऊ नका. पायात बूट, हातात काठी, एवढंच. परड्याला वळसा घाला आणि कडेचे तुकडे पाडा. मनात पाडले तरी चालतील, पण वहीत नकाशा काढलात तर वर्षभर उपयोगी पडेल. काळ्या मातीचा बांध कुठे आहे, मुरूम कुठे उघडा पडलाय, ठिबकची नळी गळून ओल कुठे राहते, घरामागची सावली कुठे, रस्त्याकडची धुळीची पट्टी कोणती. आपल्याकडे वीस पावलांत माती बदलते आणि मातीबरोबर फुलं बदलतात. मुरमावर विष्णुक्रांता, तरवड, पुनर्नवा. काळीच्या बांधावर कुर्डू, पेटारी, उन्हाळी. ओलीला केना, माका. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढच्या वर्षी कुठे काय उगवेल याचा अंदाज बांधता येतो.

आता हंगाम. सह्याद्रीच्या बाजूने आलेली माणसं श्रावणातच फुलं शोधायला लागतात आणि निराश होतात. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये. मृगाने जमीन भिजवली तर सराटा, घोळ, एकदांडी लवकर दिसतात, पण कडेला खरी गर्दी होते ती उत्तरा-हस्ताच्या पावसानंतर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत. नेमकी याच काळात रब्बीच्या पेरणीची घाई असते आणि बांध स्वच्छ करण्याची लाट येते. नव्या माणसाने या लाटेत लगेच उडी घेऊ नये. पंधरा-वीस दिवस थांबलात तर वर्षातलं सगळ्यांत भरलेलं दृश्य दारात बघायला मिळतं.

कोणत्या वेळी बघायचं

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक नवी माणसं इथेच चुकतात. ती संध्याकाळी कामावरून आल्यावर कडेला जातात आणि म्हणतात, आमच्याकडे नुसतं गवत आहे.

केन्याचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत कोमेजून जातं. विष्णुक्रांतेचंही तसंच. मुरमाला चिकटून पसरलेल्या रोपावर नखाएवढी निळी फुलं सकाळी उघडतात आणि ऊन चढलं की मिटतात. दुपारी त्याच जागेवरून चालत गेलात तर पायाखाली काही होतं हे कळतसुद्धा नाही. घोळीची पिवळी फुलं याच्या उलट, चांगलं ऊन पडल्याशिवाय उघडत नाहीत आणि उघडली तरी थोडे तासच. चिकणाही ऊन वर आल्यावर फुलतो. पेटारी दुपार कलल्यावर उमलायला लागते, त्यामुळे संध्याकाळी पाणी देताना तिची नारिंगी-पिवळी फुलं दिसतात. धोतऱ्याचं पांढरं, लांब नळीचं फूल अंधार पडताना उघडतं आणि रात्रीच्या पतंगांची वाट बघतं.

म्हणून एकाच कडेला तीन वेळा जायला हवं: सकाळी आठच्या सुमारास, दुपारी बाराच्या आत-बाहेर, आणि दिवस मावळताना. वेगवेगळ्या दिवशी गेलात तरी चालेल. ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडे कडक असतं, डोक्याला टॉवेल किंवा टोपी हवीच.

साप, काटे आणि विष

यात शॉर्टकट नाही. वाढलेल्या गवतात, दगडांच्या ताली असलेल्या बांधात नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांतलं काहीही असू शकतं. फुरसं तर इतकं लहान आणि मातीच्या रंगाचं असतं की बघूनही दिसत नाही. गवतात हात घालण्याआधी काठी फिरवा. दगड उचलायचाच असेल तर तो आपल्याकडे ओढून उचला, म्हणजे खाली काही असेल तर मधे दगड राहतो. अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय बांधावर जाऊ नका. दंश झालाच तर मंत्र-तंत्र, चिरा देणं, आवळून बांधणं यात वेळ घालवू नका. माणसाची हालचाल कमी ठेवा आणि सर्पदंशावरची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात तडक न्या. जवळचा असा दवाखाना कोणता हे आजच विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट: ओळख पटेपर्यंत कोणतीही वनस्पती तोंडात घालायची नाही. धोतरा अख्खा विषारी आहे, बियांसकट. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. घरात लहान मुलं असतील तर ही दोन झाडं त्यांना सगळ्यांत आधी दाखवा आणि हात लावायचा नाही हे सांगा. झाड तोडून टाकण्यापेक्षा ओळख करून देणं जास्त उपयोगाचं, कारण रस्त्यावर ती भेटणारच आहेत.

ओळखायची कशी

फूल शेवटी बघा. हे विचित्र वाटेल, पण फुलाच्या रंगावर भिस्त ठेवली की पिवळी फुलं सगळी एकसारखी दिसायला लागतात, आणि आपल्याकडे पिवळ्यांचंच राज्य आहे. आधी रोपाची बसण्याची ढब बघा: जमिनीला चिकटलंय, उभं आहे की वेल आहे. मग पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक. देठ गोल की चौकोनी, हे बोटांत फिरवून कळतं. एक पान तोडून चीक येतो का, कोणत्या रंगाचा. पान चुरगळून वास. आणि मग फूल.

एकदांडी आणि पाथरी या जोडीवर हात बसवा. दोघी जमिनीलगत पसरतात. दोघींची फुलं लांबून पिवळट दिसतात. एकदांडीचं पान खरखरीत, लव असलेलं, फूल एकाच लांब दांड्यावर, मध्यभाग पिवळा आणि कडेला टोकाशी कातरलेल्या थोड्याशा पांढुरक्या पाकळ्या. चीक नाही. पाथरीचं पान गुळगुळीत, कडेला दातेरी, फूल पूर्ण पिवळं, आणि पान तोडलं की पांढरा चीक. पाथरी रब्बीच्या रानात हरभऱ्याच्या, ज्वारीच्या ओळींत भेटते आणि जुनी माणसं ती कच्चीच भाकरीबरोबर खातात. एकदांडी मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, पण आता इतकी रुळलीय की तिच्याशिवाय बांध आठवत नाही.

उन्हाळी ओळखायची एक खात्रीची खूण आहे. तिचं बारीक पान दोन्ही टोकांना धरून ओढलं की ते सरळ न फाटता बाणाच्या पिसासारखं तिरकं तुटतं. मुलांना हे दाखवलं की ती दिवसभर तेच करत बसतात. जांभळट-गुलाबी फुलं, चपट्या लहान शेंगा, आणि मूळ इतकं खोल की खुरप्याने निघत नाही. ती शेंगवर्गातली आहे, मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी असतात. बांधावर ती दिसली तर राहू द्या.

नाव विचारायचं तर खुरपणीला येणाऱ्या बायकांना विचारा. मोबाइलवरची ओळख सांगणारी ॲप्स मदत करतात, पण ती अनेकदा भलत्याच प्रदेशातलं भावंड दाखवतात. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी एकदा पांढऱ्या फुलांच्या झुबक्याचं रोप दाखवून विचारलं, "मावशी, ह्याला काय म्हणता तुम्ही?" त्या वर न बघता म्हणाल्या, "ह्यो व्हय? कुंभा की. मध असतोय त्येच्यात, चोखून बघा." लहानपणी खेळताना कळलेली ही गोष्ट कोणत्या ॲपमध्ये सापडायची? एक मात्र करा. एकाच रोपाला मोहोळकडे एक नाव आणि अक्कलकोटकडे दुसरं असू शकतं, म्हणून नावासमोर गाव लिहा आणि फोटो काढून ठेवा. फोटोत खुरपं किंवा हाताचा पंजा येऊ द्या म्हणजे आकार कळतो. नुसत्या फुलाचा जवळून काढलेला फोटो नंतर ओळखायला पुरत नाही. पानासकट, उभ्या रोपाचा एक हवाच.

कडेला भेटणारी मंडळी

तरवडापासून सुरुवात करा, कारण तो चुकणं अवघड आहे. माळावर, रस्त्याच्या कडेला, मुरमाच्या बांधावर छातीएवढं झुडूप, भरगच्च पिवळी फुलं, चपट्या पातळ शेंगा. शेळ्या-मेंढ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चरलेल्या उघड्या माळावरही तो टिकून राहतो. साल चामडं कमावायला वापरत. नवरात्रात घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालतात, तेव्हा कुणाच्या तरी बांधावर तो राखलेला असावा लागतो. तो तुमच्या बांधावर असू द्या.

तरवडाशेजारी सकाळी थोडा वेळ उभ्या राहिलात तर एक मोठा काळा भुंगा येतो. फुलाला मिठी मारतो आणि गुणगुण अचानक चढ्या सुरात ऐकू येते. तरवडाच्या पुंकेसरांना परागकण बाहेर पडायला फक्त टोकाशी बारीक भोक असतं. भुंगा अंग थरथरवून पराग झटकून घेतो. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांची रचनाही अशीच आहे. आपली मधमाशी अशी थरथर करू शकत नाही. ते काम हे काळे भुंगे आणि पोटावर निळसर पट्टे असलेल्या लहान एकट्या माश्या करतात. परड्यात वांगी फुलायच्या आधी आणि तोडणी संपल्यावर हे भुंगे जगायला हवेत, तर त्यांना कडेचं काहीतरी लागतं. मला कडेची फुलं राखण्याचं याहून सबळ कारण माहीत नाही. निळ्या पट्ट्यांच्या माश्या जमिनीत, मातीच्या उभ्या कापात बिळं करतात, काळा भुंगा वाळलेल्या लाकडात घर कोरतो. म्हणून बांधाचा एखादा उतार अजिबात न उकरता सोडा, आणि शेवग्याची वाळकी जाड फांदी कुंपणाला तशीच टेकवून ठेवा.

कुर्डू हे आपल्या भागातल्या सप्टेंबर-ऑक्टोबरचं फूल. तुरीत, भुईमुगात, पडीक रानात गुलाबी टोकाचे आणि खालून चंदेरी होत जाणारे तुरे. कोवळा असताना पानांची भाजी करतात. बिया काळ्या, चकचकीत आणि अमाप. वाफ्यात तो नको, कारण पुढच्या वर्षी सगळा वाफा कुर्डूचाच होईल. बांधावर ठेवा, पण तुरे पूर्ण वाळायच्या आधी वाफ्याच्या बाजूचे कापून घ्या.

केना ओलीला. निळ्या पाकळ्या जणू दोनच, कारण तिसरी बारकी असते. त्याची एक गंमत जमिनीखाली आहे. केना वर निळी फुलं देतो ती देतोच, पण जमिनीखालच्या पांढुरक्या फांद्यांवरही न उमलणारी फुलं येतात आणि त्यांत बी धरतं. एखादं रोप हळूच मुळासकट उपसलंत तर ती दिसतील. शिवाय त्याच्या कांडीचा तुकडा ओलीत पडला की परत मूळ धरतो. त्यामुळे वाफ्यात केन्याची खुरप्याने खांडोळी करून तिथेच टाकणं म्हणजे तो लावणंच आहे. उपसा, उन्हात दगडावर टाका, कडक वाळू द्या. कोवळ्या पानांची भजी करणारी घरं अजून आहेत.

कुंपणावर चढणाऱ्यांत दोन बघाच. उतरणीची पानं बदामी, चीक पांढरा, फुलं हिरवट-पांढरी आणि खाली लोंबणारी. फळं जोडीने येतात, अंगावर मऊ काटे, आणि फुटली की रेशमी कापूस लावलेल्या बिया वाऱ्यावर उडतात. दुसरी कानफुटी, हिची फुलं इतकी बारीक की लक्षातच येत नाहीत, पण हवा भरलेली तीनकोनी हिरवी फळं दिसतात. आत काळी बी, तिच्यावर पांढरा बदाम कोरलेला. कोणत्याही मुलाला ती एकदा दाखवा.

मुरमावर पुनर्नवा: टाचणीच्या डोक्याएवढी गडद गुलाबी फुलं, आणि बिया कपड्यांना चिकटतात. सराट्याची पाच पाकळ्यांची पिवळी फुलं पावसानंतर सुंदर दिसतात, पण त्याचे काटे सायकलची ट्यूब फोडतात. वाटेवरचा सराटा फूल दिसताक्षणी काढा, फळ धरू देऊ नका. आघाडा गणपतीच्या पत्रीत आणि मंगळागौरीला लागतो, म्हणून त्याचं एखादं बेट राखा. उरलेला साडीला, विजारीला लागून सगळ्या परड्यात पोचतो, तेव्हा आवरता घ्या. त्याच्या तुऱ्यावर फुलं वर तोंड करून उमलतात आणि फळ धरलं की खाली दांड्याला चिकटतात. हे भिंग असेल तर बघण्यासारखं आहे.

रुईचं काय, असं सगळे विचारतात. माझं उत्तर: परड्याच्या आत नको, बाहेरच्या कडेला एक असू द्या. तिच्या पानांवर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. त्या भाजीकडे वळत नाहीत. त्यांचं पुढे नारिंगी पंखांना काळी-पांढरी किनार असलेलं फुलपाखरू होतं.

काढायचं ते निर्दयपणे

रानफुलांवर प्रेम म्हणजे सगळं राखणं नाही. पहिलं नाव गाजर गवताचं. आपल्याकडे त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. हे अमेरिकेतून आलेलं. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची ठळक नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. एकेक झाड हजारो बिया टाकतं, कातडीला खाज-पुरळ आणि काहींना दम्याचा त्रास होतो. पांढरी बारीक फुलं दिसण्याआधी, पान नुसतं गाजरासारखं पसरलेलं असतानाच, ओल असताना मुळासकट उपटा. हातमोजे आणि लांब बाह्या घालून. फुलाआधीचं असेल तर खतात टाकता येतं, फूल आलेलं असेल तर नाही. पानांवर मळकट पांढरे, काळ्या रेघांचे लहान भुंगेरे जाळी करताना दिसले तर ते झाड त्यांच्यासाठी सोडा. हे मेक्सिकन भुंगेरे गाजर गवत खाण्यासाठीच १९८० च्या दशकात आपल्या देशात आणलेत.

दुसरं नाव पिवळ्या धोतऱ्याचं. वर सांगितलेला पांढऱ्या फुलाचा धोतरा तो वेगळा. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत फुलतो, कागदी पिवळ्या पाकळ्या अतिशय देखण्या. काटेरी पान कोवळेपणी करडईच्या पानाशी घोटाळा करतं. देठ तोडा: पिवळा चीक आला की तोच. त्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात आणि तेलात मिसळल्या गेल्या की अंगावर सूज आणणारा, जीवघेणा आजार होतो. १९९८ मध्ये दिल्लीत अशाच भेसळीच्या तेलाने माणसं दगावली होती. बोंड वाळायच्या आत काढा.

पुढचा टारफुला, आणि हा ज्वारीच्या मुलखात ओळखता यायलाच हवा. ज्वारीच्या बुडाशी वितीएवढं रोप, नाजूक पांढरी किंवा गुलाबी फुलं. तो ज्वारीच्या मुळांतून रस ओढतो आणि वर दिसायच्या आधीच नुकसान करून बसलेला असतो. बी धुळीएवढं बारीक, वर्षानुवर्षं जमिनीत टिकतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या भागात शेजारी ज्वारीवाला असेल तर तुमच्या कडेचा टारफुला त्याला दाखवून फुलात असतानाच उपटा. अमरवेलीचे पिवळे धागे दिसले तर आश्रयाच्या फांदीसकट कापून जाळा.

पेटारीबद्दल माझं मत दोन्हीकडचं आहे. फूल सुंदर, फळ तर अगदी कोरीव. पण ती भेंडी-कपाशीच्या कुळातली आहे आणि पिठ्या ढेकूण, पांढरी माशी तिच्यावर मुक्काम करतात. परड्यात भेंडी असेल तर पेटारी दूरच्या कडेला ठेवा आणि पानं पिवळ्या शिरांची दिसली की काढा.

कापा, उकरू नका

बांधाला खुरपं कमी आणि विळा जास्त लागतो. काळी माती उकरली की सप्टेंबरच्या एका जोराच्या पावसात बांधाची कड सुटते. मुळं राहू द्या, वरचं कापा. मी असं करते: वाफ्याला लागून हातभर पट्टी खुरपून मोकळी, जेणेकरून तण आत येत नाही आणि साप दिसतो. तिच्यापलीकडची पट्टी गुडघ्याएवढी उंच राखून कापायची. त्याच्यापलीकडे बांधाचा माथा, तिथे फक्त वर सांगितलेली चार-पाच नको असलेली निवडून काढायची. एका दिवशी सगळा बांध कापू नका. एक बाजू आज, दुसरी तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे माश्यांना आणि फुलपाखरांना कुठे ना कुठे काहीतरी फुललेलं राहतं. कापलेलं कुणाला चाऱ्याला द्यायचं असेल तर धोतरा, रुई, गाजर गवत आधी बाजूला करा.

तणनाशक बांधावर मारू नका. सगळं जळून उघडी पडलेली जागा पहिल्यांदा गाजर गवतच बळकावतं, हे रस्त्याकडेला कुठेही बघता येईल. आणि शेजाऱ्याने फवारलेल्या कडेची पाथरी, केना, घोळ भाजीला घेऊ नका.

वही

तारीख, जागा, वेळ, नाव किंवा वर्णन, आणि त्यावर कोण बसलं होतं. एवढ्या पाच गोष्टी पुरेत. पावसाच्या तारखाही लिहा, कारण आपल्याकडे फुलांची तारीख पंचांगापेक्षा पावसावर चालते. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला रानात जेवायला जाणारी घरं जिल्ह्यात बरीच आहेत. त्या दिवशी ज्वारीच्या रानाचा बांध नक्की बघा, आणि पाथरी, बावची, रानातली बारीकसारीक जांभळी फुलं लिहून घ्या. मूळ माळ कसा असतो हे बघायचं तर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. वन विभागाची परवानगी घेऊन जा, पायवाट सोडू नका, आणि तिथलं काही उपटून परड्यात आणू नका. कुसळी गवतात तरवड आणि उन्हाळी कशी विखरून उभी असते ते बघितलं की आपला बांध किती मोकळा राखायचा याचा अंदाज येतो.

शेजाऱ्याशी बोलणं

बांध बहुतेक वेळा सामाईक असतो, आणि बांधावरून गावोगाव काय काय होतं हे सांगायला नको. म्हणून कडा राखायला सुरुवात करण्याआधी पलीकडच्या दादांकडे चहाला जा. "दादा, तरवड आणि कुंभा ठेवतेय, काँग्रेस दोन्ही बाजूंचं मी उपटते, चालंल का?" असं विचारलं की सहसा नाही म्हणत नाहीत, कारण गाजर गवत कुणालाच नको असतं. त्यांना ज्याची खरी भीती असते, म्हणजे कुर्डूचं बी, टारफुला, उंदीर, ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि त्या बाजूची पट्टी जास्त वेळा कापा. बांध पेटवण्याचा विषयही तेव्हाच काढा. फाल्गुन-चैत्रात वाळलेले बांध पेटवायची पद्धत आहे आणि त्यात लाकडातले भुंगे, खोडाशी असलेले कोष, वर पडलेलं बी सगळं जातं, शिवाय ठिबकच्या नळ्या वितळतात. तुमच्या बाजूचं वाळकं गवत माघ संपायच्या आत कापून डाळिंबाच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाका. बी नको असलेलं त्यात येऊ देऊ नका, आणि आच्छादन खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी लागते.